तीन पत्ती

तीन पत्ती हा ५२ पानांच्या एका कॅटने, साधारणतः तीन ते सहा खेळाडूंमध्ये खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ आहे. प्रत्येक खेळाडूला तीन पाने मिळतात. ज्याची पाने सर्वांत वरच्या क्रमाची ठरतात, किंवा इतर सर्वांनी माघार घेतल्यावर जो एकटा उरतो, तो डावात जमलेली रक्कम जिंकतो. या खेळास फ्लश किंवा फलाश असेही म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात आणि मराठवाड्यात तो 'तिरट' या नावाने ओळखला जातो. जुगार अड्ड्यांवरील छाप्यांच्या बातम्यांतून हे नाव तेथील वाचकांच्या परिचयाचे आहे.

तीन पत्तीची तीन रूपे प्रचलित आहेत. पहिले सणावारी घरात किंवा मित्रमंडळींत खेळले जाणारे, दुसरे अड्ड्यावर पैसे लावून खेळले जाणारे आणि तिसरे कॅसिनोत डीलरविरुद्ध खेळले जाणारे. तिन्ही रूपांत पानांचा क्रम जवळजवळ सारखाच असतो. पैसा शेवटी कोणाकडे जातो, हे मात्र प्रत्येक रूपात वेगळे असते. खेळाचे गणित आणि त्याविषयीचा कायदा हे दोन्ही या फरकाशी निगडित आहेत.

## उगम

तीन पत्ती हा ब्रिटिश बेटांतील 'थ्री कार्ड ब्रॅग' या खेळाचा भारतीय अवतार मानला जातो. पानांच्या क्रमाची मांडणी, न पाहता पैसे लावण्याची मुभा आणि न पाहणाऱ्यास लागणारी निम्मी रक्कम ही वैशिष्ट्ये दोन्ही खेळांत समान आहेत. भारतात हा खेळ दिवाळीच्या दिवसांत विशेष खेळला जातो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे बलिप्रतिपदेस, 'द्यूतप्रतिपदा' असेही जुने नाव आहे. त्या दिवशी द्यूत खेळण्याची प्रथा पत्ते येण्याच्या पुष्कळ आधीची आहे.

## पानांचा क्रम

एक्का सर्वांत मोठा असून त्याखाली राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी याप्रमाणे दुर्रीपर्यंत पाने उतरत्या क्रमाने येतात. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर या चार रंगांत लहानमोठेपणा नसतो. खेळाडूच्या तीन पानांच्या संचास येथे 'हात' म्हटले आहे. हातांचे सहा प्रकार वरपासून खालपर्यंत असे आहेत:

- ट्रेल (तिकडी): एकाच किमतीची तीन पाने. तीन एक्के सर्वांत मोठे.
- प्युअर सिक्वेन्स: एकाच रंगाची लागोपाठची तीन पाने.
- सिक्वेन्स: वेगवेगळ्या रंगांची लागोपाठची तीन पाने. एक्का-राजा-राणी हा सर्वांत मोठा क्रम असतो. एक्का-दुर्री-तिर्री हा क्रम बहुतेक ठिकाणी दुसरा धरतात.
- कलर: एकाच रंगाची, परंतु लागोपाठ नसलेली तीन पाने.
- जोडी: एकाच किमतीची दोन पाने आणि एक सुटे पान.
- सुटी पाने: वरीलपैकी काहीही नसलेला हात. यात सर्वांत मोठे पान पाहतात, ते सारखे असल्यास दुसरे आणि नंतर तिसरे पाहतात.

५२ पानांमधून तीन पाने २२,१०० प्रकारे निवडता येतात. त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे होते:

| हात | किती प्रकारे | शेकडा प्रमाण |
|---|---|---|
| ट्रेल | ५२ | ०.२४ |
| प्युअर सिक्वेन्स | ४८ | ०.२२ |
| सिक्वेन्स | ७२० | ३.२६ |
| कलर | १,०९६ | ४.९६ |
| जोडी | ३,७४४ | १६.९४ |
| सुटी पाने | १६,४४० | ७४.३९ |

हात जितका दुर्मीळ तितका मोठा, हे तत्त्व येथे एका ठिकाणी मोडते. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा किंचित दुर्मीळ असूनही ट्रेल वरचा मानला जातो. उलट, पाच पानांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा असतो, तर येथे तो लहान असतो. तीन पानांत कलर जमणे अधिक सोपे असते, हे त्याचे कारण आहे.

## खेळण्याची पद्धत

डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडू ठरलेली समान रक्कम मध्यभागी ठेवतो. या रकमेस 'बूट' म्हणतात आणि मध्यभागी जमणाऱ्या एकूण रकमेस 'पॉट'. पाने पिसून, कापून प्रत्येकाला एकेक करून तीन पालथी पाने वाटली जातात. वाटणाऱ्याच्या शेजारच्या खेळाडूपासून पैसे लावण्यास सुरुवात होते.

आपली पाळी आल्यावर खेळाडू पाने न पाहता पैसे लावू शकतो, पाहून लावू शकतो किंवा पाने टाकून डावातून बाहेर पडू शकतो. न पाहता खेळण्यास 'ब्लाइंड', पाहून खेळण्यास 'चाल' आणि बाहेर पडण्यास 'पॅक' म्हणतात. एकदा पाने पाहिल्यावर त्या डावात पुन्हा ब्लाइंड खेळता येत नाही.

लावायची रक्कम 'चालू दरा'वर ठरते. सुरुवातीचा दर बुटाइतका असतो. ब्लाइंड खेळाडू दराइतकी किंवा त्याच्या दुपटीपर्यंत रक्कम लावतो. चाल खेळणाऱ्यास दराच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत रक्कम लावावी लागते. ब्लाइंड खेळाडूने लावलेली रक्कम पुढचा दर बनते. चाल खेळणाऱ्याने लावली असल्यास तिच्या निम्मी रक्कम दर बनते. म्हणजे एकाच दरात पाने पाहिलेल्यास न पाहिलेल्याच्या दुप्पट पैसे मोजावे लागतात.

शो: दोनच खेळाडू उरल्यावर त्यांपैकी एकजण पैसे भरून 'शो' मागू शकतो. तेव्हा दोघांची पाने उघडली जातात. ब्लाइंड खेळाडूस शोसाठी चालू दराइतकी, तर दोघांनीही पाने पाहिली असल्यास दराच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. प्रचलित नियमानुसार पाने पाहिलेला खेळाडू ब्लाइंड खेळाडूकडून शो मागू शकत नाही. हात सारखे निघाल्यास शो मागणारा हरतो.

साइड शो: पाने पाहिलेला खेळाडू आपली चाल लावून, लगेच आधी पैसे लावलेल्या आणि पाने पाहिलेल्या खेळाडूस दोघांतच पाने ताडून पाहण्याची विनंती करू शकतो. समोरच्याने ती नाकारल्यास खेळ पुढे चालतो. मान्य केल्यास ज्याचा हात लहान तो पॅक होतो. हात सारखे असल्यास विनंती करणारा बाहेर पडतो.

## डावपेच आणि त्यांमागील गणित

### मधला हात

सर्व २२,१०० हात क्रमाने मांडल्यास राजा-दश्शी-दुर्री हा हात बरोबर मध्यावर येतो. त्याच्या वर ११,००० आणि खाली ११,०४० हात असतात. त्यामुळे समोर एकच खेळाडू असेल आणि त्याच्या पानांविषयी काहीही माहिती नसेल, तर राजा-गुलाम हाती असलेला खेळाडू सरासरीच्या पुढे असतो. नुसता एक्का वरचा असलेला किंवा त्याहून मोठा हात शेकडा ४३ वेळा येतो. म्हणून 'एक्का आला' एवढ्यावरून फार मोठे अनुमान काढता येत नाही.

### खेळाडूंची संख्या

जोडी सहा डावांत साधारण एकदा येत असल्याने ती पुष्कळदा भक्कम समजली जाते. परंतु खेळाडू वाढत जातात तसतशी तिची किंमत झपाट्याने घटते. पुढील आकडे अंदाजे आहेत. प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणीच पॅक केलेले नाही, असे त्यांत गृहीत धरले आहे.

| प्रतिस्पर्धी | सर्वांत लहान जोडी जिंकण्याची शक्यता (शेकडा) | एक्क्यांची जोडी जिंकण्याची शक्यता (शेकडा) |
|---|---|---|
| १ | ७४ | ९० |
| २ | ५५ | ८१ |
| ३ | ४१ | ७३ |
| ४ | ३१ | ६६ |
| ५ | २३ | ५९ |

दुर्रीची जोडी तिघांविरुद्ध निम्म्याहून कमी वेळा टिकते, असे यावरून दिसते. प्रत्यक्षात हलक्या हाताचे खेळाडू आधीच बाहेर पडलेले असतात. अखेरपर्यंत टिकलेल्यांचे हात सरासरीपेक्षा मोठे असल्याने लहान जोडीची स्थिती कोष्टकात दिसते त्यापेक्षाही नाजूक असते.

### ब्लाइंड खेळणे

ब्लाइंड खेळणे हा केवळ धाडसाचा भाग नाही, कारण त्यास निम्मे पैसे लागतात. समजा, दोन खेळाडू उरले आहेत, एक ब्लाइंड आणि एक चालीवर, आणि दर १० रुपये आहे. प्रत्येक फेरीत ब्लाइंड खेळाडू १० व दुसरा २० रुपये टाकतो. एकूण ३० रुपयांतील १० रुपये ब्लाइंडचे असल्याने त्या फेरीपुरता तोटा टाळण्यासाठी त्याने तीनपैकी एकदा जिंकले तरी पुरते.

ही अट पूर्ण होते की नाही, हे समोरच्याच्या सवयीवर अवलंबून असते. तो कोणत्याही पानांवर चाल लावत राहणारा असेल, तर ब्लाइंड खेळाडू निम्म्या वेळा जिंकतो आणि फायद्यात राहतो. तो फक्त जोडी किंवा त्याहून मोठ्या हातावरच टिकणारा असेल, तर ब्लाइंड खेळाडूची जिंकण्याची शक्यता शेकडा १३ च्या आसपास उतरते आणि निम्म्या दराची सवलत अपुरी पडते. सीमारेषा साधारण राणीवरच्या सुट्या पानांपाशी येते. एवढ्या हलक्या हातावरही जो चाल सोडत नाही, त्याच्याविरुद्ध ब्लाइंड खेळणे परवडते. सावध खेळाडूविरुद्ध ते परवडत नाही. येथे केवळ त्या फेरीत पडणाऱ्या पैशांचा विचार केला आहे. पॉटमध्ये आधीच मोठी रक्कम असल्यास टिकून राहण्याचे कारण वाढते.

### साइड शो आणि माघार

मधल्या ताकदीच्या हातास साइड शो उपयोगी पडतो, कारण त्यामुळे एक प्रतिस्पर्धी कमी होतो किंवा पुढचा खर्च तरी वाचतो. फार मोठ्या हाताने साइड शो मागितल्यास पैसे लावणारा एक खेळाडू विनाकारण बाहेर जातो. माघारीचा निर्णय घेताना आधी टाकलेल्या पैशांचा हिशेब गैरलागू असतो. ते पैसे पॉटचे झालेले असतात. पुढे टाकायची रक्कम आणि जिंकण्याची उरलेली शक्यता एवढ्याच दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात.

## प्रकार

- मुफलिस: यात सर्वांत लहान हात जिंकतो. एक्का मोठाच धरला, तर पंजी-तिर्री-दुर्री (वेगवेगळ्या रंगांची) हा सर्वोत्तम हात ठरतो. दश्शी किंवा त्याहून लहान पान वरचे असलेले सुटे हात शेकडा २१ असतात. नेहमीच्या खेळात जोडीला जे स्थान आहे, ते येथे या हातांना मिळते.
- ए-के-४७: एक्के, राजे, चौक्या आणि सत्त्या ही सर्व १६ पाने जोकर धरली जातात. त्यामुळे मोठे हात वारंवार येतात आणि वरील कोष्टके लागू पडत नाहीत.
- चारातून तीन: प्रत्येकास चार पाने देऊन त्यांतील उत्तम तीन निवडू दिली जातात.

## कॅसिनोतील रूप

कॅसिनोत खेळाडू एकमेकांविरुद्ध न खेळता डीलरविरुद्ध खेळतो. ब्लफ, साइड शो आणि ब्लाइंड यांना तेथे वाव नसतो. गोव्यातील कॅसिनोंत या गटातील खेळ 'तीन पत्ती' किंवा 'इंडियन फ्लश' या नावांनी आढळतात. जगभर या रूपाचा सर्वाधिक प्रसार डेरेक वेब यांनी १९९४ मध्ये तयार केलेल्या 'थ्री कार्ड पोकर'मुळे झाला.

थ्री कार्ड पोकरमध्ये खेळाडू प्रथम 'अँटी' ही रक्कम लावतो. पाने पाहिल्यावर तो एकतर अँटी सोडून देतो, किंवा तेवढीच दुसरी रक्कम लावून खेळतो. डीलरचा हात राणीवरचा किंवा त्याहून मोठा असेल तरच तो पात्र ठरतो. पात्र नसल्यास खेळाडूस अँटीइतका नफा मिळतो आणि दुसरी रक्कम परत मिळते. डीलर पात्र असेल, तर मोठा हात दोन्ही रकमा जिंकतो.

या खेळात एकच निर्णय घ्यायचा असतो आणि त्याचे उत्तर निश्चित आहे: राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून मोठा हात खेळावा, बाकीचे सोडावे. त्याचे कारण असे. हात सोडल्यास एक एकक जाते. डीलर शेकडा ३०.४ वेळा अपात्र ठरतो. पात्र डीलरला कधीच न हरवणारा हात खेळल्यास सरासरी १.०९ एकके जातात, म्हणजे सोडण्यापेक्षा किंचित अधिक. हा फरक भरून काढण्यासाठी पात्र डीलरच्या लहानात लहान सुमारे ४८५ हातांना हरवता येणे आवश्यक असते. राणी-छक्की-चौकीच्या खाली राणीवरचे बरोबर ४८० हात असतात. बरोबरीत सुटणारे हात धरता तोटा भरून निघतो.

अचूक खेळूनही प्रचलित बोनस नियमांनुसार कॅसिनोचा वाटा अँटीच्या शेकडा सुमारे ३.४ राहतो. ब्लॅकजॅकमध्ये नियम अनुकूल असतील आणि खेळाडूने मूलभूत डावपेच काटेकोर पाळले, तर हाच वाटा शेकडा अर्ध्याच्या आसपास येतो. तो शून्याखाली मात्र जात नाही. जोडी किंवा त्याहून मोठा हात येण्यावर लावायच्या जोडपैजांत कॅसिनोचा वाटा साधारणतः मूळ खेळाहून अधिक असतो.

## नाल

घरगुती खेळात एकाने गमावलेले पैसे दुसऱ्याकडेच जातात, त्यामुळे सर्वांची मिळून बेरीज शून्य राहते. अड्ड्यावर जागा व पत्ते पुरवणारा इसम पॉटमधून ठरावीक हिस्सा काढून घेतो. या हिश्शास मराठीत 'नाल' म्हणतात.

नालेचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. पाच खेळाडू प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले, सरासरी पॉट २०० रुपयांचा आहे आणि नाल शेकडा पाच आहे. प्रत्येक डावात १० रुपये बाहेर जातात. १०० डावांनंतर १,००० रुपये, म्हणजे एका खेळाडूची संपूर्ण रक्कम, अड्डाचालकाकडे गेलेली असते. खेळ याच गतीने चालू राहिला, तर ५०० डावांत पाचही खेळाडूंचे सर्व ५,००० रुपये संपतात. एखादा खेळाडू इतरांपेक्षा कुशल असला, तरी त्याची कमाई आधी नालेइतकी व्हावी लागते. अड्डाचालकाला मात्र एकही पान उचलावे लागत नाही.

## कायदेशीर स्थिती

### महाराष्ट्र

पैज आणि जुगार हा विषय भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो. महाराष्ट्रात मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ लागू असून त्याचे आताचे नाव महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम असे आहे. पत्त्यांच्या जुगारासंदर्भात या कायद्यानुसार 'सामाईक जुगारगृह' ठरते ते जुगाराची साधने जागा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी ठेवली किंवा वापरली जातात तेव्हा, मग तो नफा जागेचे भाडे म्हणून असो वा अन्य कोणत्याही रूपाने. कायद्याच्या या व्याख्येत नाल हा कळीचा मुद्दा आहे. कलम ४ असे गृह चालवणाऱ्यास, तर कलम ५ तेथे खेळताना आढळणाऱ्यास लागू होते. रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी पैशांवर खेळणाऱ्यांविरुद्ध कलम १२ आहे. कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली आहे.

तीन पत्तीला ही सूट मिळत नाही. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सांगितले. पानांचा पडाव लक्षात ठेवणे, कोणते पान धरावे व कोणते टाकावे हे ठरवणे यांस रमीत कौशल्य लागते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. फ्लश, ब्रॅग इत्यादी नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा असल्याचे त्याच निकालात नमूद आहे. वर दिलेले डावपेच पैसे लावण्याच्या निर्णयाविषयी आहेत. वाटलेली पाने बदलण्याचा कोणताही मार्ग खेळाडूकडे नसतो.

कॅसिनोंना परवाने देण्याची तरतूद असलेला महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम १९७६ मध्ये संमत झाला होता. तो कधीच अमलात आणला गेला नाही आणि २०२३ मध्ये निरसित करण्यात आला. त्यामुळे राज्यात कायदेशीर कॅसिनो नाही.

### गोवा

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरील खेळांना परवानगी देण्याची तरतूद झाली. पुढे १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळही चालवता येऊ लागले. पणजीजवळ मांडवी नदीतील कॅसिनो-जहाजे या तरतुदीचे फलित होत.

### ऑनलाइन खेळ

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियम संमत केला. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळले जाणारे ऑनलाइन खेळ पुरवण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई केली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. असा खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. शिक्षेचा रोख खेळ पुरवणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यांवर नाही. पैसे न लावता खेळण्याच्या तीन पत्तीला ही मनाई लागू होत नाही.

## हेही पाहा

- रमी
- ब्लॅकजॅक
- मेंढीकोट
- गंजिफा
- संभाव्यता